खाली बघायचं नाही!

आमच्या हॉस्पिटलातली ट्रेनिंगची खोली म्हणजे पूर्वीचं हळदीचं गोदाम. टाइल्स बसवल्या, एसी लावला, भिंतींवर पांढऱ्या रंगाचे हात मारले. तरी हवा जरा दमट झाली की कोपऱ्यातून पिवळा डाग वर येतोच. किस्स्यांचंही तसंच आहे. आम्ही आपले दिवसभर गंभीर चेहऱ्यानं काम करतो, सगळं धुऊन-पुसून ठेवतो, आणि चहाच्या टेबलावर कुणीतरी म्हणतं, "ते आठवतंय का?" झालं! निघाला डाग वर!

मी भूलतज्ज्ञ. पेशंटला झोपवायचं आणि आपण जागं राहायचं, हे माझं काम. सर्जनला पेशंटचं डोकं दिसतं, मला सर्जनचं तोंड दिसतं. त्यामुळे किस्से माझ्याकडेच जास्त साठतात. माझी बायको त्यातलं निम्मंच खरं धरते. तुम्हीही तसंच करा. फक्त कोणतं निम्मं, ते मला विचारू नका.

आमचं हॉस्पिटल आखाडा बाळापूरच्या जरा बाहेर, रोडला लागून. कदम सर इथले सर्वेसर्वा. मेंदूचे सर्जन. मोठ्या शहरांत नाव कमावून आपल्या गावाकडं परत आले आणि दुर्बिणीची ऑपरेशनं सुरू केली. कवटीला छोटंसं भोक पाडायचं, नाहीतर सरळ नाकातून शिरायचं. पेन्सिलीएवढी दुर्बीण आत घालायची आणि आतलं सगळं समोरच्या टीव्हीवर बघत काम करायचं. हात खाली, डोळे समोर. मेंदूची सर्जरी शिकणारी पोरं-पोरी हे शिकायला कॉलेजांतून सरांकडं येतात. सरांचा पहिला धडा, मधला धडा आणि शेवटचा धडा एकच.

"खाली बघायचं नाही!"

त्या बॅचला तिघं होते. हिंगोलीचा इम्रान, पुण्याचा ऋषिकेश आणि डोंगरकड्याच्या पुढच्या एका बंजारा तांड्यावरची पल्लवी राठोड. तांड्यातली पहिली डॉक्टर. लेकरांच्या डोक्यातलं पाणी काढायला शिकायचं, एवढ्या एका गोष्टीसाठी आलेली. हात असा की सरांनीही मान डोलवावी. पण दुर्बीण हातात आली रे आली, की हिची मान खाली! टीव्हीवर अख्खा सिनेमा चाललेला, आणि ही आपली स्वतःच्या हातांकडं बघून राहिलेली!

सर म्हणाले, "पल्लवी, गाडी चालवताना स्टेअरिंगकडं बघतीस का रस्त्याकडं?"

"सर, मला गाडी येत न्हाई."

आम्ही हसलो. सर हसले नाहीत.

"हे बघ लेकरा, ट्रेनिंग संपस्तोवर ही मान सरळ झाली नाही, तर मी तुझ्या कॉलेजला कळवणार. हिच्या हातात दुर्बीण देऊ नका म्हणून. आत कुणाचा तरी मेंदू असतोय. इथं लाड नाहीत."

सरांनी दिलेला शब्द मागं घेतलेला मी आजवर बघितलेला नाही. चहाला मी तिला विचारलं, "अगं, बघतीस काहून खाली?"

तर म्हणते, "सर, माझेच हात हायेत म्हणून बघते. लक्ष न्हाई दिलं तर काय करतील, भरवसा न्हाई."



*

पहिला सराव ढोबळी मिरचीवर. मिरचीला भोक पाडायचं, दुर्बीण आत, चिमटा आत, आणि टीव्हीकडं बघत एकेक बी बाहेर काढायची. मिरचीची साल फाटली की पेशंट गेला समजायचं.

आमच्या केबलवाल्यानं त्याच आठवड्यात नवीन वायरिंग केलं होतं. गड्यानं कुठली वायर कुठं जोडली देव जाणे, ट्रेनिंगच्या खोलीतलं चित्र थेट बाहेर वेटिंग हॉलच्या टीव्हीवर! आत इम्रान मिरचीतून बिया काढतोय, आणि बाहेर पेशंटचे नातेवाईक श्वास रोखून बघताहेत.

मी सहज बाहेर आलो तर हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. शिरड शहापूरचे एक आजोबा खुर्चीच्या टोकावर. त्यांचा पुतण्या डोकेदुखीसाठी आत सरांना दाखवायला गेलेला. टीव्हीवर चिमटा आला, बी धरली, ओढली.

"आरं देवा!" आजोबा म्हणाले. "म्हनूनच गडी सारखा म्हनायचा, डोक्यात खडखड करतंय!"

शेजारचा म्हणाला, "पर आतून हिरवं काहून हाय?"

"रानात राहतोय न्हवं!"

मी हबकलो! काही सांगणार तेवढ्यात पुतण्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन बाहेर आला. आजोबांनी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं, उलटून-पालटून बघितलं. कुठं टाका नाही, कुठं पट्टी नाही! आजोबांनी तिथंच सरांच्या दाराला हात जोडले.

मी सगळ्यांना समजावून सांगितलं की बाबांनो, ती मिरची आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणाचाही विश्वास बसला नाही. एक बाई तर नवऱ्याला दंडाला धरून माझ्याकडं घेऊन आल्या.

"सायब, ह्यांचं बी बघा. आत कायबी निघालं तरी चालंल, पर निघू द्या कायतरी!"

*

मिरचीनंतर बोकडाची मुंडी. बाळापुरात मारोतरावांचं मटणाचं दुकान आहे. त्यांच्याकडून अख्खी, कवटी न फोडलेली मुंडी यायची. मारोतराव म्हणजे भरदार मिश्यांचा माणूस, सुरा असा चालवणार की बघणाऱ्याचीच मान आखडावी. डॉक्टर लोक दर बाजारला मुंड्या नेतात आणि खात तर नाहीत, हे त्यांच्या डोक्यात बसेना. गावात तर कुजबूज सुरू झाली होती की गोदामात काहीतरी करणी-बिरणी चालते.

एक दिवस ते स्वतःच आले. "बघू द्या की आमाला बी. माल आमचा हाय."

सरांनी त्यांना खुर्ची दिली. ऋषिकेशनं दुर्बीण नाकपुडीत घातली. टीव्हीवर गुलाबी, ओलसर, चकाकता बोगदा सुरू झाला. दोन्ही बाजूंनी मऊ मऊ पडदे.

मारोतराव पुढं झुकले. "भारीच जागा हाय की! कुठली म्हनायची ही?"

ऋषिकेश आपल्या पुणेरी सभ्यपणे म्हणाला, "काका, हे तुम्ही सकाळी दिलेल्या बोकडाचं नाक. आपण आता इथून त्याच्या मेंदूकडे जातोय."

मारोतरावांनी एकदा टीव्हीकडं बघितलं, एकदा टेबलावरच्या मुंडीकडं बघितलं, आणि खुर्चीसकट मागं गेले!

रोज सकाळी उठून बोकडं कापणारा माणूस! आम्ही सगळे मुंडी सोडून त्यांच्याभोवती गोळा. औषधाशिवाय झोपलेला माझा तो पहिलाच पेशंट. पाणी मारलं, पाय वर केले, तेव्हा डोळे उघडले.

"सायब," ते पडल्या पडल्या म्हणाले, "रोज कापतो मी. पर त्याच्या नाकात जाऊन कदी बसलो न्हवतो हो!"

तेव्हापासून मुंड्या यायच्या त्या फडक्यात तोंड झाकून. आणि सोबत निरोप, "नाकाचं मला सांगू नका."

*

मग अंड्याची परीक्षा. कच्च्या अंड्याचं कवच ड्रिलनं खरवडून काढायचं, पण आतला पातळ पापुद्रा फाटता कामा नये. कवच म्हणजे कवटी, पापुद्रा म्हणजे मेंदूवरचं आवरण. आणि सगळं टीव्हीत बघून! सरांचा कायदा असा की ज्यानं पापुद्रा फाडला, त्यानं ते अंडं खायचं.

ऋषिकेश कट्टर शाकाहारी. घरी लसूणसुद्धा चोरून आणावा लागतो म्हणे. त्या पोरानं ड्रिल असं धरलं की जणू अंड्यात त्याची आजी बसली आहे! घामानं टोपी भिजली, पण पापुद्रा फाटला नाही. सर चकित. पुढचं अंडं, तेही अखंड. त्याच्या बॅचमध्ये असला हात कुणाचा नाही! सर म्हणाले, "ह्याला भीतीनं सर्जन केलं."

इम्रानचं मात्र रोज फुटायचं. रोज! कँटीनवाला ऑम्लेट करून द्यायचा, इम्रान मान खाली घालून दुःखानं खायचा. सरांना काळजी लागली. पोरगं हुशार, मग हे असं काहून होऊन राहिलं? मला म्हणाले, जरा लक्ष ठेवा.

मी लक्ष ठेवलं. इम्रानचं अंडं फक्त सकाळच्या सरावाला फुटायचं. दुपारच्या जेवणानंतर एकही नाही!

"इम्रान," मी त्याला बाजूला घेतलं, "हे काय आहे?"

"सर, मेस का नाश्ता देखा है आपने?" त्यानं अगदी निरागसपणे विचारलं. "तकलीफ समजो जरा."

आणि पल्लवी? पल्लवीचं अंडं बघून सरांचा चेहरा खुलला. पापुद्रा सगळा शाबूत, आतला पिवळा बलक स्पष्ट दिसतोय. सरांनी ते उजेडात धरून आम्हा सगळ्यांना दाखवलं. मग हळूच विचारलं, "काम करताना बघत कुठं होतीस?"

"अंड्याकडं, सर."

"टीव्हीतल्या?"

पल्लवीची नजर तिच्या हातांकडं गेली. सरांनी अंडं वाटीत ठेवलं आणि काही न बोलता बाहेर गेले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं. सरांनी नंतर तेच काम टीव्ही बघून करायला लावलं, तर पहिल्याच फटक्याला बलक टेबलावर!

*

याच दिवसांत ऋषिकेशचं लग्न निघालं. मुलगी नांदेडची. आम्ही सगळे जीप करून गेलो. हल्लीची कार्यालयं तुम्हाला माहीतच आहेत. स्टेजच्या बाजूला भिंतभर स्क्रीन, स्टेजवर जे चाललंय ते त्यात मोठं करून दाखवतात.

मंगलाष्टकं संपली, नवरीला खेटून उभ्या भटजींनी अंतरपाट खाली घेतला, अक्षता पडल्या. ऋषिकेशनं हार उचलला. पण नवरदेवाची नजर नवरीकडं नाहीच! मान ताठ, डोळे बाजूच्या स्क्रीनवर, आणि हात आपोआप पुढं निघालेले!

मी कोपरानं सरांना ढोसलं. सर म्हणाले, "थांबा. बघू."

स्क्रीनवरचं चित्र एक क्षण मागं चालत होतं, ते बिचाऱ्याला कुठं ठाऊक? इकडं नवरीच्या भावांनी चेष्टेनं तिला वर उचललं. स्क्रीनवर ती अजून खालीच होती. ऋषिकेशनं अगदी अलगद, कुठंही धक्का न लावता, पापुद्रा न फाडता हार घातला.

भटजींच्या गळ्यात!

अख्खं कार्यालय सुन्न! भटजी हाराकडं बघताहेत, नवरीचे वडील ऋषिकेशच्या वडिलांकडं बघताहेत. वरून, भावांच्या खांद्यावरून नवरी म्हणाली,

"अहो डॉक्टर, मी इकडं आहे!"

सगळ्यांत शेवटी हसायचे थांबले ते आमचे सर. हसून हसून डोळे पुसत पल्लवीकडं वळले. "बघ! ह्याला म्हणतात ट्रेनिंग!"

पल्लवीच्या हातातल्या अक्षता तशाच राहिल्या होत्या. तिला हसू आलं नाही. ट्रेनिंगचे दिवस संपत आले होते.

*

शेवटी इम्राननं उपाय काढला. जुन्या एक्स-रे फिल्मची त्यानं मोठी कॉलर बनवली. जखम चाटू नये म्हणून कुत्र्याच्या गळ्यात घालतात ना, तशी! वर काळा कागद चिकटवला. पल्लवीनं गळ्यात घातली की हनुवटीखालचं काही म्हणता काही दिसेना. मला वाटलं, पोरगी आता ह्याच्या कानाखाली वाजवणार. तिनं मुकाट्यानं घातली.

आणि काय सांगू! मिरची झाली, अंडं झालं, मुंडी झाली. टीव्हीत बघून हात असा चालला की सर खुर्चीतून उठून उभे राहिले. पोरीला सगळं येत होतं! अडत होती फक्त मान!

ती खुशीत कॉलर न काढताच चहाला बाहेर आली. हॉलमध्ये बसलेल्या एका मावशीनं तिला आपादमस्तक बघितलं आणि ती माझ्या कानाशी लागली.

"चांगली शिकली-सवरलेली दिसती लेकरू. चावती काय?"

दुसऱ्या दिवशी सरांनी कॉलर काढायला लावली. काढली. दुर्बीण हातात दिली. पल्लवीनं टीव्हीकडं बघितलं, दीर्घ श्वास घेतला, आणि मान गेली खाली.

सरांनी कॉलर उचलून हातात धरली. मग म्हणाले, "बाई, पेशंटच्या पुढं ही कॉलर घालून उभी राहणार का तू?"

*

आता हा शेवटचा. आधीच सांगून टाकतो, लेकरू ठणठणीत आहे. परवाच आईच्या कडेवर बसून आलं आणि माझा चष्मा ओढून गेलं. हे सांगितलं नाही तर तुमचा श्वास अडकेल, आणि मी आज सुट्टीवर आहे.

लेकरू एका तांड्यावरचं. डोक्यात पाणी भरून डोकं फुगलेलं, डोळे खाली ओढलेले. वाट तुंबली की पाणी साठतं. मग दुर्बिणीनं मेंदूच्या आत जायचं आणि खालच्या पातळ पडद्याला भोक पाडून पाण्याला नवी वाट करून द्यायची. आई कुणाशीच बोलेना. पल्लवी तिच्याशी त्यांच्या बोलीत, गोरमाटीत बोलली, तेव्हा बाईला रडू फुटलं. मग तिनं सरांना सांगितलं, "ह्या बाईंनीच करायचं."

सर म्हणाले, "मी करतो, त्या शेजारी राहतील."

"न्हाई. ह्याच."

सरांनी रात्रभर विचार केला असावा. सकाळी हात धुताना पल्लवीला म्हणाले, "मी तुझ्या खांद्याला खांदा लावून उभा हाय. एकदा जरी खाली बघितलंस, दुर्बीण माझ्या हातात. आणि परत मागायची नाही. इथं बी नाही, कॉलेजात बी नाही. कबूल?"

"कबूल, सर."

मी लेकराला झोपवलं. भोक पडलं. दुर्बीण आत गेली. आम्ही टीव्ही कमी आणि पल्लवीची मान जास्त बघत होतो. मान हलली नाही! मानेची शीर ताठ उभी राहिलेली मला दिसत होती. टीव्हीवर मेंदूतलं स्वच्छ पाणी, त्यातून वाट काढत ती पुढं पुढं गेली. तळाचा पडदा आला. पातळ, अगदी अंड्याच्या पापुद्र्यासारखा, आणि त्याच्या मागं धडधडणारी मोठी रक्तवाहिनी. पल्लवीनं अवजाराचं टोक पडद्याला टेकवलं.

आणि टीव्ही गेला!

काळाकुट्ट! लाइट आहे, माझी मशिनं चालू आहेत, फक्त टीव्ही गेला! लेकराच्या मेंदूच्या मधोमध दुर्बीण, टोक पडद्यावर, पडद्यामागं रक्तवाहिनी, आणि दिसत काहीच नाही!

"हलू नको!" सरांचा आवाज फाटला. इम्रान उडी मारून टीव्हीच्या मागं गेला आणि वायरी चाचपायला लागला. आम्ही सगळे पल्लवीच्या हातांकडं बघायला लागलो. हात प्लास्टरमध्ये घातल्यासारखे. बोटाचं टोकसुद्धा हलत नव्हतं.

मी सवयीनं तिच्या तोंडाकडं बघितलं. बाईनं दोन्ही डोळे घट्ट मिटले होते!

सरांनीही बघितलं. "पल्लवी! डोळे उघड!"

"न्हाई, सर."

सरांना त्या खोलीत कुणी नाही म्हटल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

"उघडले की खाली जातेत," ती अगदी शांतपणे म्हणाली. "चित्र आलं की सांगा. तवर मी इथंच हाय."

सगळ्यांचे डोळे त्या दोन हातांवर. मधेच टीव्हीच्या मागून इम्रान ओरडला,

"आलं का?"

कुणी बोललं नाही.

"अरे, कोई तो बोलो! आलं का?"

पल्लवीनं मिटलेल्या डोळ्यांनीच विचारलं, "सर, आलं का?"

चित्र केव्हाच आलं होतं. पडदा, मागची धडधड, त्यावर टेकलेलं टोक, सगळं जागच्या जागी. पण सांगणार कोण? सरांसकट अख्खी खोली खाली बघत होती!